इशारा कुणाच्या घरापर्यंत पोचतो?

(रत्नागिरी जिल्ह्यातील एका युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी हवामानशास्त्रज्ञ नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली काही वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. संयोजकांनी 'हवामानबदल आणि आपण' असा विषय दिला होता. त्यावर बोलायला बसलं की माणूस ध्रुवावरच्या अस्वलापासून सुरू करतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीपाशी येऊन थांबतो. म्हणून मी एकच माणूस निवडला आहे. त्यांचं नाव सलीमुल हक. बांगलादेशचे शास्त्रज्ञ. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी ढाक्यात त्यांचं निधन झालं, वय ७१.

त्यांच्याकडे वळण्याआधी फळ्यावर चार आकडे लिहितो.

१९७०चा नोव्हेंबर, भोला चक्रीवादळ. तेव्हा तो देश पूर्व पाकिस्तान होता. मृत्यू तीन ते पाच लाख. नेमका आकडा आजही कुणाला सांगता येत नाही, कारण मोजणारंही कुणी उरलं नव्हतं. दुसरा, २९ एप्रिल १९९१, चितगावचा किनारा. सुमारे १ लाख ३८ हजार. तिसरा, नोव्हेंबर २००७, सिद्र. सुमारे ३,४००. चौथा, मे २०२०, अम्फान. बांगलादेशात तीसच्या आसपास.

पुन्हा बघा. लाख, मग हजार, मग तीस. आता तुमच्यातला जो बारकाईने बघणारा असेल तो म्हणेल, वादळं काही सारख्याच ताकदीची नव्हती. बरोबर आहे. अम्फान आधी पश्चिम बंगालवर आदळलं, बांगलादेशला त्याची धार तितकी बसली नाही. तो आकडा बाजूला ठेवा हवं तर. पण सिद्र हे १९७० आणि १९९१च्याच पंगतीतलं वादळ होतं. समुद्र तोच, किनारा तसाच सपाट, लोक उलट वाढलेले आणि गरीबच. तरीही मृत्यू चाळीस पटींनी कमी. हे कसं झालं, हा आजचा विषय आहे.

एक गोष्ट मनात आली ती बोलूनच टाकतो. आपल्याकडे 'बांगलादेशी' हा शब्द कसा वापरला जातो, हे इथे बसलेल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. कधी शिवी म्हणून, कधी संशय म्हणून. पण वादळापासून माणसं वाचवण्याच्या बाबतीत जगभरचे अभ्यासक शिकायला जातात तो देश बांगलादेश आहे. श्रीमंत देश तिथे विद्यार्थी म्हणून जातात. आपणही जायला हरकत नाही.

तर सलीमुल हक. जन्म १९५२चा, कराचीतला. वडील परराष्ट्र सेवेत, त्यामुळे बालपण वेगवेगळ्या देशांत गेलं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकले आणि डॉक्टरेट केली ती वनस्पतिशास्त्रात. हवामानात नाही. मला हे आवडतं. आपल्याकडे बारावीत जो गट निवडला त्याचंच जू मानेवर घेऊन माणूस निवृत्तीपर्यंत चालत राहतो. हा माणूस झाडांचा अभ्यास करून देशात परतला, ढाका विद्यापीठात शिकवायला लागला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्या देशापुढचा प्रश्न पानाच्या पेशीपेक्षा मोठा आहे. १९८०च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'बांगलादेश सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीज' ही संस्था उभी केली. पुढे लंडनच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत हवामानबदलाचा विभाग सांभाळला. २००९मध्ये ढाक्याच्या इंडिपेंडंट विद्यापीठात हवामानबदल आणि विकास या विषयाचं केंद्र सुरू केलं. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसीच्या तिसऱ्या आणि चौथ्या अहवालांत ते एका विषयाचे प्रमुख लेखक होते. तो विषय म्हणजे अनुकूलन.

अनुकूलन हा जड शब्द झाला. साध्या भाषेत, जुळवून घेणं. समुद्र वाढणार, पाऊस लहरी होणार, उन्हाळा अंगावर येणार. धूर कमी करायचा तो करूच, पण जे आता टळणारच नाही त्याच्याबरोबर जगायचं कसं? १९९०च्या दशकात जागतिक परिषदांमध्ये हा प्रश्न विचारणं जवळजवळ अशिष्ट मानलं जायचं. वाटायचं, जुळवून घेण्याबद्दल बोललात की प्रदूषण करणाऱ्यांना सूट मिळेल. हक यांचं म्हणणं सरळ होतं. तुमच्यासाठी ही २०५०ची गोष्ट असेल, आमच्या किनाऱ्यावर ती सुरू झाली आहे. बांगलादेशचं जगाच्या उत्सर्जनातलं योगदान अर्धा टक्कासुद्धा नाही.

आता त्या आकड्यांकडे परत.

वादळातून माणसं वाचवण्याचं श्रेय एकट्या हक यांचं नाही. तसं कुणी म्हटलं असतं तर त्यांनाच ते आवडलं नसतं. ते काम त्यांच्याही आधी सुरू झालं होतं. १९७०च्या हाहाकारानंतर, नवा देश जन्माला आल्यावर, रेड क्रॉस आणि सरकारने मिळून चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम सुरू केला. कल्पना अशी की किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात तिथलेच स्वयंसेवक असावेत. पगार नाही. रेनकोट, गमबूट, मेगाफोन, हाताने फिरवायचा भोंगा, रेडिओ, कुठे सायकल. धोक्याच्या पायरीप्रमाणे एक, दोन किंवा तीन झेंडे लावायचे. वाचता न येणाऱ्यालाही झेंडे मोजता येतात. आज असे ७६,००० स्वयंसेवक आहेत. वीस-वीस जणांची तुकडी. त्यात कुणी इशारा द्यायचा, कुणी निवाऱ्यात माणसं न्यायची, कुणी शोध, कुणी प्रथमोपचार, हे आधीच ठरलेलं.

मी ज्या प्रकारच्या कामात आहे तिथे आम्ही लाखो लोकांना संदेश पाठवतो. पडद्यावर हिरवी खूण येते, 'डिलिव्हर्ड'. नवीन मुलं ती खूण बघून खूश होतात. पण ती खूण एवढंच सांगते की संदेश फोनपर्यंत गेला. फोन कुणाच्या हातात होता, त्याने तो वाचला का, वाचून खरा मानला का, खरा मानून उठला का, आणि उठला तर जायला जागा होती का, यातलं काहीही त्या खुणेला कळत नाही. २०२३मध्ये आपल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम कर्कश वाजले होते, आठवतंय? सरकारची ती चाचणी होती, आपत्तीच्या इशाऱ्याची. चांगली यंत्रणा आहे. पण तुम्ही काय केलंत? मी तर आवाज बंद केला आणि पुन्हा कामाला लागलो. बांगलादेशातल्या तुकडीचं बळ इथे आहे. शेजारच्या घरातली ओळखीची मुलगी दारात उभी राहून म्हणते, 'चाची, तीन झेंडे लागलेत, चला,' तेव्हा आवाज बंद करायचं बटण नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

१९९१च्या वादळाआधी इशारा दिला गेला होता. तो बऱ्याच लोकांनी ऐकलाही होता. स्वयंसेवक तेव्हाही होते. तरी सव्वा लाखाहून जास्त माणसं गेली. नंतर अभ्यासकांनी घरोघर फिरून हिशेब मांडला. वीस ते चव्वेचाळीस या वयात, म्हणजे ऐन धडधाकट वयात, दर हजार पुरुषांमागे १५ मृत्यू. दर हजार बायकांमागे ७१.

वारा बाई-पुरुष बघत नाही. पाण्यालाही ते कळत नाही. मग हा फरक कुठून आला?

कारणं जी पुढे आली ती ऐका. घरातला पुरुष बाहेर होता, त्याच्या परवानगीशिवाय निघायचं कसं म्हणून ती थांबली. निवारे पुरेसे नव्हतेच, आणि जे होते त्यांत एका खोलीत परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची, संडासाची सोय नाही, म्हणून ती गेली नाही. पाणी आलं तेव्हा कडेवर एक मूल, बोटाला एक मूल. साडी पायात गुंडाळलेली. पोहायला आणि झाडावर चढायला लहानपणी भावाला शिकवलं, तिला नाही. आणि इशारा जिथे ऐकू यायचा, म्हणजे बाजारात, चहाच्या टपरीवर, मशिदीत, तिथे ती नव्हतीच.

यातली एकही गोष्ट हवामानशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. पण मृत्यूचा आकडा त्यांनी ठरवला. आपली चळवळ बाईच्या हक्कांबद्दल बोलते तेव्हा लोक म्हणतात, हे काय सारखं तलाक, पोटगी, वारसा. मी म्हणतो, हा आकडाही बघा. घरातल्या बाईला स्वतःच्या निर्णयाने उंबरा ओलांडता येतो की नाही, हा प्रश्न पाच पट मृत्यूंचा आहे. इज्जतीच्या नावाने घातलेली कडी पाणी आल्यावरही तशीच राहते.

बांगलादेशने यावर काय केलं? निवारे वाढवले, आणि नुसते निवारे बांधले नाहीत, त्या इमारतींमध्ये प्राथमिक शाळा भरवल्या. खाली खांब, पाणी आरपार जाईल अशी मोकळी जागा, वर वर्ग. यात एक हुशारी आहे. ज्या इमारतीत आपलं पोर रोज जातं तिथे रात्री जायला आई बिचकत नाही, तिला वाट माहीत असते. नव्या निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळी खोली, वेगळे संडास आले. आणि स्वयंसेवकांच्या तुकडीत आता निम्म्या बायका आहेत. दारावर बाई आली तर आतली बाई दार उघडते. पुढच्या वादळांत बाई-पुरुषांच्या मृत्यूंतली दरी कमी झाली. संपली असं मात्र कुणी म्हणत नाही.

गुरांचंही असंच. शहरातल्या माणसाला हसू येतं, पण ज्याची सगळी बचत म्हणजे दोन गाई आहेत तो त्यांना सोडून निवाऱ्यात येत नाही. म्हणून तिथे गुरांसाठी मातीचे उंच ढिगारे उभारले गेले, त्यांना किल्ला म्हणतात. माणूस वाचवायचा असेल तर त्याची गाय वाचवावी लागते. हे दिल्लीत किंवा ढाक्यात बसून सुचत नाही.

आणि इथे मी हक यांच्या मुख्य विचारावर येतो. जुळवून घेण्याचं शास्त्र हे तिथे राहणाऱ्या माणसांकडे असतं, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. शास्त्रज्ञाने जाऊन आधी ऐकायचं. यासाठी त्यांनी लोकाधारित अनुकूलनाच्या परिषदा सुरू केल्या. त्यांत पाहुण्यांना आधी गावात पाठवत आणि मग सभागृहात बसवत. हवामानासाठी म्हणून जगात जो पैसा दिला जातो त्यातला दहा टक्क्यांहूनही कमी पैसा स्थानिक पातळीवर पोचतो, असं त्यांच्या लंडनच्या संस्थेच्या अभ्यासात दिसलं होतं.  हक स्वतः त्या परिषदांना जायचे, आणि तिथेच उभे राहून हे बोलायचे.

स्थानिक शहाणपण म्हटलं की लोकांना वाटतं, हा भाबडेपणा आहे. म्हणून एक किस्सा इंजिनिअरांसाठी. १९६०च्या दशकात बांगलादेशच्या किनाऱ्यावर मोठमोठे बांध घातले गेले. परदेशी पैसा, परदेशी नकाशे. कल्पना अशी की बांधाच्या आत खारं पाणी येणार नाही, भात पिकेल. काही वर्षं पिकलंही. पण तिथल्या नद्या गाळाच्या. पूर्वी भरतीबरोबर गाळ शेतात पसरायचा आणि जमीन उंच होत राहायची. बांधामुळे गाळ आत येईना, तो नदीतच साचला. नदीचं पात्र वर आणि आतली जमीन खाली. पाऊस पडला की पाणी बाहेर जाईना. खुलना-जशोर भागात हजारो एकर जमीन वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिली. लोक सांगत होते, बांध फोडा, भरती आत येऊ द्या. कार्यालयातले म्हणाले, अडाणी आहेत. १९९०मध्ये बिल डाकातिया इथे लोकांनी स्वतःच बांध कापला. पुढे आणखी एका ठिकाणी कापला. भरती आत आली, गाळ बसला, जमीन उंचावली, नदी खोल झाली. मग त्याच खात्याने या पद्धतीला छान इंग्रजी नाव दिलं आणि ती योजना म्हणून स्वीकारली. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो. वापरणाऱ्याने शोधलेली पळवाट पुढच्या आवृत्तीत 'नवी सुविधा' म्हणून येते.

पण जुळवून घेण्याला मर्यादा असते. हा हक यांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग.

माणूस निवाऱ्यात गेला, वाचला. सकाळी परत आला तर घर नाही, तळं खारं झालेलं, शेतात मीठ. सिद्र आणि त्यानंतर २००९च्या आयलाने हे केलं. गोड्या पाण्यासाठी खुलना, सातखीरा भागातल्या बायका मैलोन्‌मैल चालतात. दाकोप भागातल्या गरोदर बायकांवर झालेल्या अभ्यासात कोरड्या ऋतूत, पिण्याच्या पाण्यात मीठ वाढतं तेव्हा, रक्तदाबाचा त्रास वाढलेला दिसला. पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या आल्या, खारं सोसणारं भाताचं बियाणं आलं. तरी एक वेळ येते जेव्हा जुळवून घ्यायला काही उरतच नाही. जमीनच नदीत जाते. याचा हिशेब कुणी द्यायचा?

वाटाघाटींच्या भाषेत याला 'लॉस अँड डॅमेज' म्हणतात. हानी आणि नुकसान. नुकसान दुरुस्त होतं, हानी होत नाही. हा मुद्दा १९९१मध्ये वानुआतू या बेटाच्या देशाने मांडला होता. श्रीमंत देशांना त्या शब्दांचीच भीती. कारण त्यामागे भरपाई आणि जबाबदारी उभी आहे. २०१५च्या पॅरिस करारात या विषयाला कलम मिळालं, पण सोबतच्या ठरावात लिहून घेतलं गेलं की यातून कुठलीही कायदेशीर जबाबदारी किंवा भरपाई निघणार नाही. हक पहिल्या जागतिक हवामान परिषदेपासून, म्हणजे १९९५च्या बर्लिनपासून, प्रत्येक परिषदेला हजर होते. असे लोक जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गरीब देशांच्या गटाला ते सल्ला द्यायचे, आकडे पुरवायचे, तरुण प्रतिनिधींना मसुदा कसा वाचायचा ते शिकवायचे. ढाक्याच्या 'डेली स्टार'मध्ये नियमित लिहायचे.

२०२२मध्ये पाकिस्तानात पूर आला. ३ कोटी ३० लाख लोकांना फटका, सतराशेहून अधिक मृत्यू. शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने लगेच गणित मांडलं की सिंध आणि बलुचिस्तानात पाच दिवसांत कोसळलेला पाऊस तापमानवाढीमुळे ५० टक्क्यांपर्यंत जास्त तीव्र झालेला असू शकतो. असं गणित आता काही आठवड्यांत होऊ शकतं. 'निसर्गाचा कोप' म्हणून हात झटकणं त्यामुळे अवघड झालंय. त्या वर्षी विकसनशील देशांच्या गटाचं नेतृत्व नेमकं पाकिस्तानकडे होतं. नोव्हेंबरमध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेखमध्ये निधी स्थापन करण्याचा निर्णय झाला. एकतीस वर्षांनी. 'नेचर' या नियतकालिकाने त्या वर्षीच्या विज्ञानातल्या दहा व्यक्तींमध्ये हक यांचं नाव घेतलं. वर्षभराने, ३० नोव्हेंबर २०२३ला दुबईत तो निधी प्रत्यक्ष सुरू झाला. हक जाऊन एक महिना झाला होता.

आता थोडं कडू. त्या परिषदेत जमलेली आश्वासनं सुमारे ७० कोटी डॉलर. पाकिस्तानच्या एका पुराचं नुकसान ३,००० कोटी डॉलर. तुम्हीच भागाकार करा. मला स्वतःला वाटतं, निधीच्या दारात रांग लावून बसलो तर पिढी जाईल. हक यांचंही म्हणणं होतं की हक्काचं मागत राहायचं, पण वाट बघत बसायचं नाही. बांगलादेशने २००९-१०पासून स्वतःच्या अंदाजपत्रकातून हवामान निधी काढला. गरीब देशांत असं करणारा तो पहिला.

आणखी एक शब्द मला खटकतो. चिवटपणा. गरिबाचं घर वाहून गेलं आणि त्याने पुन्हा बांधलं की आपण म्हणतो, वा, काय चिवट लोक! मुंबईत पाणी तुंबल्यावर 'स्पिरिट' म्हणतात तसंच. चिवटपणाचं कौतुक करणारा सहसा कोरड्या घरात बसलेला असतो.

स्थलांतराबद्दल हक यांनी जे मांडलं ते कोकणातल्या तुम्हा मुलांना चटकन कळेल. किनाऱ्यावरचे लाखो लोक पुढे-मागे उठणारच. ते सगळे ढाक्यात गेले तर झोपडपट्टीत जातील. म्हणून मोंगलासारखी छोटी बंदरं आणि गावं आधीच तयार करा. तिथे काम, घरं, पुरापासून संरक्षण, शाळा. आणि किनाऱ्यावरच्या मुलांना असं शिकवा की जायची वेळ आली तर ती हुन्नर घेऊन जातील. आपल्या घराघरांतले वडील, मामू, चाचा मुंबईला, आखातात गेले. ते समुद्र वाढला म्हणून गेले नाहीत, पोटासाठी गेले. पण हातात कसब आणि कागद असताना जाणं आणि सगळं गमावून जाणं यातला फरक आपल्या घरांना सांगावा लागत नाही.

कोकणाचा उल्लेख निघालाच आहे. अरबी समुद्र पूर्वी शांत समजला जायचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते २०१९ची वादळं तपासली. शेवटच्या दोन दशकांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि त्यांचा मुक्काम ८० टक्क्यांनी. समुद्राचं पाणी तापलंय, हे कारण. ३ जून २०२०ला निसर्ग दिवेआगरजवळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत गेलं, जुलैत महाड आणि चिपळूण बुडालं, तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. तुमच्यातले काहीजण त्या चिखलात उतरले होते.

त्या वेळी जी इमदाद आली ती मी विसरणार नाही. ट्रकच्या ट्रक. मशिदींत, मदरशांत, शाळांत, देवळांच्या सभामंडपांत जेवणं शिजली. कोण कुणाच्या घरातला गाळ काढतोय हे कुणी विचारलं नाही. पुरानंतर धावून जाण्यात आपला समाज कमी पडत नाही. प्रश्न आदल्या दिवशीचा आहे. पिवळा, नारिंगी, लाल इशारा मोबाइलवर येतो. तो आल्यावर आपल्या मोहल्ल्यात नेमकं कोण काय करतं? मी चार ठिकाणी विचारलं. उत्तर एकच, 'ग्रुपवर टाकतो.'

ग्रुपवर अंथरुणाला खिळलेले दादाजान नसतात. ज्या घरातला मोबाइल नवरा घेऊन कामाला गेलाय ती बाई नसते. परवा परवा झारखंडहून कामाला आलेला, बांधकामाच्या शेडमध्ये झोपणारा मजूर नसतो.

भोंग्यांवरून राज्यात किती राजकारण झालं ते तुम्ही पाहिलंय. पण बांगलादेशच्या किनाऱ्यावर मशिदीच्या माइकवरून वादळाचा इशारा देणं ही नेहमीची गोष्ट आहे. आपल्याकडे हे करायचं तर पावसाळ्याआधीच तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला भेटून ठरवावं लागेल. कुणाचा निरोप आल्यावर, कोणत्या शब्दांत, रात्री-अपरात्री चालेल का. आणि एकट्या मशिदीचा नको, ग्रामपंचायतीचा आणि देवळाचाही त्यात हवा. त्यामुळे इशाऱ्यावर विश्वासही बसेल आणि उगाच कुणाला भांडण काढायला निमित्त मिळणार नाही.

माझं बोलणं संपलंय, आता काम. मागच्या टेबलावर कोरे कागद आणि पेनं ठेवली आहेत. आपापल्या गावाचे, मोहल्ल्याचे गट करा. नदीपासून किंवा डोंगराच्या उतारापासून सुरुवात करून घरं काढा. नकाशा सुंदर नको, बरोबर हवा. कोणत्या घरात आजारी किंवा म्हातारं माणूस आहे, कुठे बाई एकटी राहते, कुठे बाळंतपण जवळ आलंय, कुठे गुरं आहेत, हे खुणांनी दाखवा. खुणा पुरे, आजारपणाचं नाव लिहू नका, आणि कागदाचा फोटो काढून कुठेही टाकू नका. प्रत्येक पाच-सहा घरांमागे दार ठोठावणारी दोन नावं लिहा, त्यातलं एक मुलीचं. आपलीच घरं काढून थांबू नका, पाणी आळी बघून शिरत नाही. शाळेची किल्ली रात्री कुणाकडे असते, हा प्रश्न प्रत्येक गटाने विचारायचाच आहे. मला खात्री आहे, निम्म्या गटांना उत्तर माहीत नसेल. ज्यांना माहीत नाही त्यांनी आता इथूनच फोन करून विचारा, जेवणाला अजून चाळीस मिनिटं आहेत.